अस्तराखालची ओळ

लातूर,
१६ जानेवारी २०२५

चि. जेबा हिस,
अनेक आशीर्वाद.

मी हणमंत कुंटूरकर. तुमच्या घरात मला 'शास्त्री' म्हणत. तू तीन वर्षांची असताना माझ्या नव्या चष्म्याच्या दोन्ही काचांना जिल्दीची खळ लावली होतीस, एवढाच आपला परिचय. त्यानंतर पंचवीस वर्षे मी तुमच्या गल्लीत पाऊल ठेवले नाही. दोष खळीचा नव्हता.

तुझे दादा, म्हणजे आजोबा, गुलाम रसूल चाचा, गेल्याचे मला सहा दिवसांनी कळले. तेही भजी ज्या कागदात बांधून आली त्या कागदावरून. 'इतवाऱ्यातील ज्येष्ठ जिल्दसाज, वय एक्क्याण्णव, पश्चात पत्नी, पाच मुले, अकरा नातवंडे.' भजी तशीच बाजूला ठेवली. नंतर खाल्ली, खोटे कशाला सांगू. पत्र लिहायला बसलो तर सवयीने हातून 'कैलासवासी' लिहिले गेले. माझी पत्नी शिल्पा खांद्यावरून वाचत होती. तिने विचारले, तिकडे त्यांच्या ओळखीचं कोण आहे? तो कागद फाडला. हा दुसरा.

तुमच्या दुकानाच्या माडीवर मी सहा वर्षे भाड्याने राहिलो. नायगावहून संस्कृत शिकायला आलेलो. अंगावर मांस नाही आणि डोक्यात गर्व मात्र भरपूर. दिलशाद चाची माझ्यासाठी वेगळे पातेले ठेवत आणि त्याला कुणी हात लावला तर अख्ख्या घराला दम भरत. एकादशीला मी विसरून समोरच्या भज्यांच्या गाड्यावर उभा राहिलो, की चाचा आतून हाक मारत, 'शास्त्री, आज नक्को. आज तुमची एकादशी हाय.' माझे पंचांग असे त्यांच्याकडे होते. पाचही मुलांचे तर होतेच: कुणाला खोकला, कुणाची परीक्षा, कुणाच्या बुटाला तळ नाही. संध्याकाळी पुस्तके दाबायला शिकंजा आवळायचा, तेव्हा त्याच्या दांड्याला ते एकेका पोराला लटकवत. पुस्तक दाबले जाई, पोर हसे, आणि दिवसभर बापाला पाहिले नाही ही तक्रारही मिटे. एवढे सोपे गृहस्थाश्रमाचे सूत्र आमच्या शास्त्रकारांना सुचलेले नाही.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या चार प्रती विद्यापीठाला गेल्या. पाचवी चाचांनी आपल्याकडून बांधून मला भेट दिली: लाल कापड, सोनेरी अक्षरे. ती माझ्या टेबलावर असते. रोज सकाळी त्यांच्या हातच्या त्या जिल्दीवरून हात फिरवल्याशिवाय मी कामाला लागत नाही. प्रबंधाचा विषय होता 'संस्कृत सुभाषितांतील कृतज्ञताविचार'.

चाचींना माझा नमस्कार सांग. उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

तुझा,
हणमंत कुंटूरकर


नांदेड,
२० जानेवारी

शास्त्री चाचांना सलाम.

तुमचं पत्र दादीला मोठ्यानं वाचून दाखवलं. भज्यांपाशी हसल्या, शिकंज्यापाशी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, आणखी एकदा वाच. तीनदा वाचलं. आता मी कामाचं बोलते.

दादांची एक सवय तुम्हाला माहीत नसणार, कारण गिऱ्हाइकाला ती कधीच कळायची नाही. घरात मूल जन्मलं, की त्या दिवशी जे पुस्तक हाताखाली असेल त्याच्या पुठ्ठ्यावर ते आतल्या बाजूनं उर्दूत एखाददुसरी ओळ लिहायचे आणि वरून अस्तराचा कागद चिकटवून टाकायचे. झालं. पुस्तक ज्याचं त्याच्या घरी. दादी म्हणायच्या, अहो घरच्या वहीत लिहा. तर म्हणायचे, घरच्या वहीच्या पोरं नावा करतात, दुसऱ्याचं पुस्तक माणूस जपतो.

कुठलं मूल कुठल्या पुस्तकात आहे हे त्यांना तोंडपाठ होतं, आम्हा प्रत्येकाला सांगितलेलंही होतं. येत्या १७ फेब्रुवारीला दादांच्या जाण्याचा चाळिसावा दिवस आहे. सगळे जमतील तेव्हा सगळ्या ओळी वाचायच्या, असं दादीनं ठरवलं. दहा दिवस हेच करून राहिलो. माझे अब्बा, म्हणजे तुमचा शहेबाज, एका म्हाताऱ्या वकिलांच्या कायद्याच्या पुस्तकात निघाले. 'लडका हुआ. आवाज बडा है.' आवाज अजून तसाच आहे. चुलतबहीण मनतशा बिलोलीच्या डॉक्टरांकडं सापडली. ओलं फडकं ठेवून अस्तर सोडवायला दीड तास लागतो, पण लोक हसत देतात. एक भानगड झाली. अब्बा आणि चारही चाचा-फुफ्या शाळेच्या दाखल्यावर एक जूनला जन्मलेले, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं. आता खऱ्या तारखा निघाल्या आणि पाच जणांना पन्नाशीच्या आसपास नवे वाढदिवस आले.

सोळा ओळींपैकी पंधरा सापडल्या. राहिली माझी. दादा म्हणायचे, 'तू शास्त्री की किताब में है.' शेवटची आठ वर्षं बिलोलीच्या शाळेत शिकवून आले की मी दुकानात त्यांच्याजवळ बसायचे. त्यांना दिसेना तेव्हा सुईत दोरा मीच ओवायचे. कितीदा विचारलं काय लिहिलंय. हसायचे. मनतशा म्हणते, विसरले असतील गं तुला, म्हणून शास्त्रीचं नाव सांगितलं. थट्टेनं म्हणते. पण चाचा, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

पुस्तक टेबलावरच आहे, हे वाचून लई बरं वाटलं. पाठवाल? आम्ही पुन्हा होतं तसं बांधून देऊ.

तुमची,
जेबा


लातूर,
२५ जानेवारी

चि. जेबा,
आशीर्वाद.

पत्र पोचले. आनंद झाला आणि अडचणही झाली. प्रबंध सध्या कपाटात आहे. कपाट भिंतीला लागून आहे, भिंतीला रंग चालू आहे आणि रंगारी मुरुडचा असल्याने चतुर्थी, बाजार आणि सासुरवाडी सांभाळून येतो. शिवाय आमच्याकडे वाळवीचा उपद्रव आहे. वाळवीने पुठ्ठे आधी खाण्याची शक्यता असते, असे ऐकतो. माझा गुडघाही बरा नाही, त्यामुळे खालच्या खणापर्यंत वाकणे होत नाही.

ओळ मिळाली नाही तरी खंत करू नये. तुला चालत असेल तर मी तुझ्यावर अनुष्टुभ छंदात चार चरण रचून पाठवतो. त्यात चाचांचाही उल्लेख येईल. नातीवर संस्कृत श्लोक, असे तुमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नसेल.

तुझा,
ह. कुंटूरकर


नांदेड,
२९ जानेवारी

शास्त्री चाचांना सलाम.

मी पाचवीच्या वर्गाला मराठी शिकवते. गृहपाठाची वही गाय खाऊन गेली, इथपासून मी सगळं ऐकलेलं आहे. पहिल्या पत्रात पुस्तक टेबलावर होतं आणि तुम्ही रोज हात फिरवत होता. दुसऱ्यात ते खालच्या खणात गेलं. अनुष्टुभ नको.

दादीला सांगितलं तर हसून म्हणाल्या, 'शास्त्री शरमा रहा. किताब उल्टी है ना, वास्ते.' मग त्यांनी मला ती गोष्ट सविस्तर सांगितली. आमच्या घरात ती दर ईदला निघते, पण ते पुस्तक तुमचं आणि तो दिवस माझ्या जन्माचा, हे मला माहीत नव्हतं. मी झाले त्या दिवशी दादांच्या हाताखाली तुमची पाचवी प्रत होती. त्या काळात जास्त काम उर्दू वह्यांचं. आनंदाच्या भरात हात सवयीनं चालले आणि जिल्द उर्दूसारखी चढली, नाव मागच्या पुठ्ठ्यावर. पुस्तक उघडलं की आधी शेवट. दादी सांगतात, मी सातव्या महिन्यातली, दवाखान्यात काचेच्या पेटीत. त्या, अम्मी, अब्बा सगळे घाबरून अर्धे झाले होते. निवांत होता एकच माणूस. दादा. डब्याबरोबर निरोप पाठवायचे, की नातीला सांगा, लवकर आलीस तर आता दुकानात ये, काम पडलंय. ऐकणारे रडता रडता हसायचे.

तेव्हा उलट्या जिल्दीची लाज धरू नका. आम्हाला ती तशीच पाहिजे. ९ फेब्रुवारीला, रविवारी, अब्बा लातूरला येतात. कपाट तेच सरकवतील.

जेबा


लातूर,
२ फेब्रुवारी

चि. जेबा,

शहेबाजला पाठवू नकोस. आधी हे वाच.

भिंतीला रंग नाही. वाळवी नाही. गुडघा आहे, पण तो गेल्या श्रावणात दुखत होता.

ती प्रत मला मिळाली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. लाल कापडावर सोन्याची अक्षरे पाहून ती दोन्ही हातांनी घेतली. उघडली, तर पहिल्यांदा संदर्भसूची, मग समारोप, आणि तुझ्या दादांचे नाव असलेला ऋणनिर्देश अगदी शेवटी, उलट्या टोकाला. चाचा समोर उभे होते. म्हणाले, 'कैसी है?' मी म्हणालो, फार सुंदर. त्यांच्या लक्षात चूक आलेली नाही आणि आपण ती सांगून त्यांचे मन मोडायचे नाही, असा माझा उदात्त समज झाला. इथपर्यंत माझे वागणे एखाद्या सुभाषितात बसले असते.

त्याच जूनमध्ये लातूरच्या महाविद्यालयात नोकरी लागली. नव्या सहकाऱ्यांना प्रबंध दाखवायचा होता. एकाने तो उघडला, शेवटचे पान वाचले आणि विचारले, 'कुंटूरकर, निष्कर्ष आधी आणि विचार नंतर, हीच का पद्धत?' सगळे हसले. मी दुसऱ्याच दिवशी मुरुडला चंद्रप्पा नावाच्या जिल्दसाजाकडे तो घेऊन गेलो आणि नवी जिल्द घालून आणली. म्हणजे भेट मिळालेली वस्तू, देणाऱ्याला न सांगता, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतली. कृतज्ञतेवरच्या प्रबंधाची. कृतघ्नासाठी शास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेले नाही, हे मी त्याच प्रबंधात पान एकशे बारावर तळटिपेत मोठ्या अभिमानाने नोंदवले आहे.

पुढे नांदेडला आलो की चाचा विचारत, 'किताब ठीक है?' मी 'हो' म्हणे. दोन-तीन वर्षे तो 'हो' जमला, मग जमेना. म्हणून यायचे बंद केले. चष्म्याची खळ हे निमित्त मी घरी सांगत असे.

मी टेबलावर ज्या जिल्दीवरून हात फिरवतो ती चंद्रप्पांची आहे. तुझ्या दादांचे पुठ्ठे मी परत मागितले नाहीत. ते मुरुडच्या कुठल्या उकिरड्यावर गेले असतील, आणि तुझी ओळ त्यांच्याबरोबर. पहिल्या पत्रात मी ते वाक्य लिहिले नसते तर तू माझ्याकडे आशेने पाहिले नसतेस. वाक्य चांगले जमले होते, म्हणून लिहिले.

क्षमा मागतो. ती देण्याची घाई करू नकोस.

हणमंत कुंटूरकर


नांदेड,
६ फेब्रुवारी

शास्त्री चाचा,

पत्र मिळालं. अब्बा आता येत नाहीत.

दादीला अजून सांगितलेलं नाही. त्या रोज विचारतात, शास्त्रीचं पुस्तक आलं का. मी सांगते, रंगकाम चालू आहे. तुमच्यासारखंच बोलायला लागले.

राग जिल्द बदलल्याचा नाही. माणूस कपडेही बदलतो. चाळिसाव्याला पंधरा ओळी वाचल्या जातील आणि माझ्या नावापाशी सगळे दुसरीकडं बघतील, ते मला आत्तापासून दिसतं. मनतशानं तर परवा आपण होऊन सांगितलं, माझी ओळ तू घे, आपण दोघी मिळून वाचू. तिनं थट्टा केली असती तर बरं झालं असतं.

चंद्रप्पा आहेत का अजून? असले तर एवढं विचारा, की पुठ्ठे खरंच टाकले का.

जेबा


लातूर,
११ फेब्रुवारी

चि. जेबा,
आशीर्वाद.

चंद्रप्पा आहेत. वय ब्याऐंशी. दुकान मुलाने झेरॉक्सचे केले आहे आणि ते स्वतः दारात खुर्ची टाकून मुरुडच्या वर्दळीवर देखरेख करतात. परवा रविवारी मी प्रबंध पिशवीत घालून एस.टी.ने गेलो. वाटेत भाषण तयार केले होते. ते सुरू करायच्या आत त्यांनी पुस्तक हातात घेतले, पाठीवरून अंगठा फिरवला आणि मला परत दिले.

"माझं न्हाई हे."

मी म्हणालो, अहो, तुम्हीच करून दिले आहे, एकोणीसशे शहाण्णव साली, मी स्वतः इथून नेले. ते माझ्याकडे दयेने पाहत राहिले. मग जे सांगितले ते असे. त्यांनी जन्मभर वह्या आणि पावतीपुस्तके बांधली. असले कापडी, सोनेरी काम त्यांना येत नव्हते, आणि नव्या प्राध्यापकाला येत नाही असे सांगणे बरे दिसेना. दर महिन्याला ते कापड आणायला नांदेडला जात. नाजूक काम आले की तिथल्या एका कारागिराकडून करून आणत. माझेही त्याच्याकडेच दिले.

कुणाकडे, हे विचारायची आता गरज नव्हती. तरी विचारले, कारण मी प्राध्यापक आहे.

"गुलाम रसूल. इतवाऱ्यातला. पुस्तक बघितलं अन् हसून हसून खालीच बसला. म्हणला, शास्त्रीला सांगू नक्को, बिचारा मरून जाईल. पुठ्ठे तेच ठेवतो म्हणला, कापड नवं घालतो. दोन दिस ठेवून घेतलं."

जेबा, मी खुर्ची मागून घेतली आणि बसलो. ज्या गुन्ह्याच्या भीतीने मी पंचवीस वर्षे तुमची गल्ली टाळली, त्याचा मुद्देमाल त्यांनीच आपल्या हातांनी दुरुस्त करून मला परत पाठवला होता. आणि वर दर भेटीत विचारत होते, 'किताब ठीक है?' एकदा तर त्यांच्याच दुकानात बसून, दुसऱ्या कुणाच्या पुस्तकावरून विषय निघाला म्हणून, मी त्यांना ऐकवले होते, की हल्ली मुरुडच्या चंद्रप्पाइतकी सफाई नांदेडात राहिली नाही. चाचा सुई थांबवून म्हणाले होते, 'हौ, आदमी अच्छा है.' मी तेव्हा मनात म्हटले होते, किती निर्मत्सर मनुष्य.

तेव्हा पुठ्ठे तेच आहेत. पण ओळ आहे का, ते चंद्रप्पांना ठाऊक नाही. कापड बदलताना अस्तर निघाले असणार. पुठ्ठा घासून साफ केला असला तर ओळही गेली. आशा लावत नाही. एकदा लावून मी काय केले ते तू पाहिलेसच.

काल घरी ओले फडके घेऊन मी टेबलाशी बसलो होतो. मागच्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला पाणी लावणार, एवढ्यात शिल्पाने विचारले, "ती ओळ तुमची आहे का?" फडके बादलीत टाकले. तिनेच शहेबाजला फोन लावला. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात उभा राहून डबे मोजले. उद्या तो येतो आहे. पुस्तक न उघडता त्याच्या हाती देतो.

१७ तारखेला बारावीच्या परीक्षेवर माझी नेमणूक आहे. हे खरे आहे. पण नेमणूक बदलून मागता आली असती, हेही खरे आहे. चाचींसमोर उभे राहायला अजून धीर होत नाही. त्यांना सगळे सांग. सांगताना मला सावरू नकोस.

हणमंत चाचा


नांदेड,
१९ फेब्रुवारी

शास्त्री चाचांना सलाम.

दादीला तेरा तारखेलाच सगळं सांगितलं. तुमच्या सूचनेप्रमाणं सावरलं नाही. चंद्रप्पांच्या गोष्टीपाशी आले तेव्हा त्यांचं हसू थांबेना, पाणी आणून द्यावं लागलं. मग म्हणाल्या, 'पचीस बरस? इसके वास्ते? पागल है क्या शास्त्री?' एवढाच निकाल. तुमच्या शास्त्रात प्रायश्चित्त नसलं तरी दादीकडं शिव्या आहेत, त्या समोर आल्यावर मिळतील.

पुस्तक मी आधी उघडलं नाही. चाळिसाव्याच्या दुपारी, फातेहा आणि जेवणं झाल्यावर, सगळ्यांच्या समोर ओलं फडकं ठेवलं. तोवर एकेक जण आपापली ओळ वाचत होता. अब्बांची ओळ त्यांच्याच आवाजात वाचली गेली, गल्लीपर्यंत. मी मागच्या पुठ्ठ्याशी बसून होते. पंधरावी वाचून झाली तरी अस्तर सुटलं नव्हतं. मनतशा माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं कागदाचं दुसरं टोक धरलं.

वरचा अर्धा कागद अलगद आला. खाली दादांचं अक्षर होतं. मोठं, वाकडं. दादांचं अक्षर कधी वाकडं नसायचं, चाचा. मी वाचायला लागले आणि दुसऱ्या शब्दापाशी मला दिसेना. अब्बांनी माझ्या हातून घेऊन वाचलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच एवढा लहान ऐकला. तुम्हाला जसंच्या तसं लिहिते:

'४ मार्च. शहेबाज को छोकरी हुई. सातवें महिने की, हथेली में आती. डॉक्टर बोलते ठैरती नै. मैं नाम रख दिया, जेबा. नाम रख दिए तो ठैरना पडता.'

आमच्यात नाव सातव्या दिवशी ठेवतात. दादांनी पहिल्याच दिवशी, एकट्यानं, दुकानात बसून ठेवलं होतं. अठ्ठावीस वर्षं आम्ही आनंदात जिल्द उलटी चढली म्हणून हसत आलो, आणि सगळ्यांत मोठ्यानं ते हसायचे. दादीनं त्या अक्षरावरून बोट फिरवलं. उर्दू त्यांना वाचता येत नाही. मग म्हणाल्या, 'मेरे को बी नै बताए. डब्बे के साथ मजाक भेजते थे.'

खालचा अर्धा कागद काही केल्या निघेना. तिथं खळ दोनदा लागली होती, तुमच्या मुरुडच्या फेरीची. मनतशा म्हणाली राहू दे, फाटेल. मी फडकं पुन्हा ओलं केलं. अर्धा तास गेला. खाली आणखी एक ओळ होती, दुसऱ्या शाईत, सरळ, सुबक, नेहमीच्या हाताची:

'११ जुलै. शास्त्री की किताब वापस आई. जेबा ठैर गई. आज मेरे को देख को हँसी.'

तुमची,
जेबा